शेजारच्या गावांतली पोरं सहावी-सातवीपर्यंत आपल्या शाळेत कशी टिकवायची? (चोपडा तालुका, सातपुडा पायथा)

पायथ्याची शाळा

मंडळी, नमस्कार. आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते सातवी. शेजारी दोन ठिकाणं. एक नाल्यापलीकडचं गाव, अडीच किलोमीटर, तिथे चौथीपर्यंत शाळा. दुसरा डोंगराच्या अंगाला पावरा समाजाचा पाडा, चार किलोमीटर, तिथे पाचवीपर्यंत. आमच्या वरच्या वर्गांचा निम्मा पट या दोन ठिकाणांहून येतो. आता नाल्यापलीकडची पोरं चौथी झाली की तालुक्याच्या शाळेच्या पिवळ्या गाडीत बसतात आणि पाड्यावरच्या मुली पाचवीनंतर घरीच राहतात.

पट घसरला की शिक्षक जातो, आणि शिक्षक गेला की उरलेले पालकही दाखला मागायला येतात. शाळा वाईट नाही. अडचण यायच्या-जायच्या वाटेची आहे. एसटी सुरू करायची असेल तर अर्जात काय काय लागतं? नाल्याचं काय करावं? आणि दाखले, आधार, पट यात नेमकं कुठे अडतं? ज्यांनी ही कामं केली आहेत त्यांनी नीट, पायरी-पायरीने सांगावं. जून उजाडायच्या आत हाती घ्यायचं आहे.

माजी केंद्रप्रमुख, अमळनेर

पहिलं काम यादीचं. एसटी असो, वाहतूक भत्ता असो की संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात ती), सगळं या एका यादीवर उभं राहतं, आणि बहुतेक शाळांकडे नेमकी तीच नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्ही ठिकाणच्या शाळांत जा, चौथी-पाचवीच्या मुलांची नावं घ्या. अंगणवाडीचं रजिस्टरही बघा, म्हणजे पुढच्या चार-पाच वर्षांत किती पोरं येणार ते आजच कळतं. प्रत्येक नावापुढे लिहायचं: घर कुठल्या गल्लीत किंवा कुठल्या मळ्यात, पालकाचा चालू मोबाइल, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरशी जुळते का, बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, मोठं भावंड कुठे शिकतं, आणि दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला जातात का. मोठ्या भावंडाचा रकाना गाळू नका. धाकटं बहुधा त्याच्याच मागे जातं, त्यामुळे कुठल्या घरी आधी जायचं ते त्यावरून ठरतं.

अंतर पायवाटेने मोजा. मोबाइलवर सरळ रेषेत अडीच किलोमीटर दिसणारं गाव पावसाळ्यात वळसा घालून पाच किलोमीटर पडू शकतं. दोन्ही आकडे लिहा.

आता दाखल्याचं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ स्पष्ट आहे: दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, आणि जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा असतो. मूल वर्गात बसवा, कागद मागून येऊ द्या. पण यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, जुन्या शाळेने त्या मुलाला ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्यांच्या यादीत) टाकल्याशिवाय तुम्हाला ते आपल्याकडे ओढता येत नाही. त्यासाठी त्याचा अकरा अंकी पेन क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) लागतो. तो निकालाच्या दिवशीच लिहून घ्या, कारण सुट्टीत जुने गुरुजी बदलून गेले तर तोच क्रमांक शोधता शोधता जुलै निघून जातो.

संचमान्यतेत ३० सप्टेंबरचा पट धरतात, तोही आधार जुळलेला. ऑक्टोबरात आलेलं पोर वर्गात दिसतं, पण त्या वर्षीच्या मंजूर पदांत मोजलं जात नाही. आधार न जुळण्याची कारणं ठरलेली आहेत: आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव गाळलेलं, आणि जन्मतारखेत नुसतं १ जानेवारी. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावी लागते, ती बऱ्याच पोरांची राहून गेलेली असते. मे महिन्यात गावात आधारचं शिबिर लावून घ्या. सप्टेंबरात केंद्रावर रांग लागते आणि पालक कापसाच्या कामात अडकलेले असतात.

आणखी एक. नाल्यापलीकडच्या गावाला पाचवीचा वर्ग हवा असेल तर आडवे येऊ नका. एक किलोमीटरच्या आत दुसरीकडे पाचवी नसेल तर चौथीपर्यंतच्या शाळेला ती जोडून मागता येते. दहा वर्षांचं लेकरू आणखी एक वर्ष स्वतःच्या गावात शिकलं तर बरंच आहे. पाचवी मिळाली की ते पिवळ्या गाडीतही बसत नाही, आणि सहावीला ते तुमच्याकडेच येतं. पाचवीवरून भांडलात तर गावाशी बिघडतं आणि सहावीही हातची जाते.

एसटी कामगार, चोपडा रस्ता

जिभाऊ, एसटीचं मी सांगतो. नवीन गाडी मागू नका. नवीन गाडी म्हटलं की नवीन चालक-वाहक, नवीन किलोमीटर, आणि अर्ज तिथेच बसतो. आधी बघा की तुमच्या रस्त्याने सध्या कुठली फेरी जाते आणि ती किती वाजता फाट्यावरून निघून जाते. ती फेरी गावापर्यंत वाढवून मागा किंवा वीस-पंचवीस मिनिटं अलीकडे-पलीकडे करून मागा. असा बदल आगाराच्या पातळीवर बसवता येतो.

अर्ज आगार व्यवस्थापक, चोपडा यांना. प्रत विभाग नियंत्रक, जळगाव यांना. सोबत:

दोन्ही ग्रामपंचायतींचे ठराव, ग्रामसभेचे असले तर उत्तम. मुख्याध्यापकांचं पत्र, त्यात थांब्याप्रमाणे मुलामुलींची संख्या, वर्ग, शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ. फाट्यावरच्या हायस्कूलची पोरंही त्याच गाडीने जाणार असतील तर त्यांचाही आकडा घाला, तुमच्या एकट्या शाळेच्या पटावर गाडी भरत नाही. रस्ता बसयोग्य आहे असं बांधकाम विभागाचं पत्र. आणि थांब्यांची नावं क्रमाने, मधल्या अंतरासह.

मार्ग तपासायला आगाराचा माणूस येतो. तो काय बघतो ते आधीच तयार ठेवा. गाडी अकरा-बारा मीटर लांब असते. एका दमात वळायला साधारण ऐंशी फूट मोकळी जागा लागते. गावाच्या चौकात ती नसते, म्हणून शाळेच्या मैदानाकडेची किंवा पाण्याच्या टाकीजवळची जागा दाखवा आणि तिथला उकिरडा, बैलगाड्या आधी हलवा. रस्त्यावर आलेल्या बाभळीच्या फांद्या चौदा फुटांपर्यंत छाटा. लोंबकळत्या तारा असतील तर महावितरणला पत्र देऊन त्याची पोच अर्जाला जोडा. या तीन गोष्टींवरूनच "मार्ग योग्य नाही" असा शेरा पडतो, आणि एकदा पडला की तो पुसून घ्यायला वर्ष जातं.

सुरू झालेली फेरी बंद पडते ती भारमान, म्हणजे गाडी किती भरली त्याचं प्रमाण, कमी दाखवल्यामुळे. पासवाली पोरं रोख पैसे देत नाहीत, त्यामुळे नोंद झाली नाही तर कागदावर गाडी रिकामी दिसते. म्हणून पोरांना सवय लावा की प्रत्येकाने रोज पास दाखवायचा आणि वाहकाने तो मशीनमध्ये घ्यायचा. मुलींचा पास फुकट असला तरी त्याची रक्कम सरकारकडून महामंडळाला मिळते, तेव्हा ती नोंद गाडीच्या कामी येते.

पासचं असं: ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत, पण सुरुवात पाचवीपासून. मुलांना मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत, म्हणजे एक तृतीयांश पैसे भरायचे. मुख्याध्यापकांनी यादी आगाराला आधी दिली तर पास शाळेतच मिळतात, पोरांना स्टँडवर रांगेत उभं राहावं लागत नाही. यादी शाळा उघडायच्या आधी पोचली पाहिजे.

वेळ मागताना संध्याकाळचा विचार आधी करा. शाळा पाचला सुटते आणि गाडी साडेसहाला आली तर डिसेंबरात अंधारच होतो, आपल्याकडे तेव्हा पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळची गाडी पंधरा मिनिटं उशिरा आली तरी चालून जाईल, संध्याकाळची नाही. मुलगी दोनदा अंधारात घरी पोचली की तिसऱ्या दिवशी बाप तिला पाठवत नाही.

रोजगार हमीवाला

नाल्याचे दोन भाग करा: नाल्यापर्यंतची वाट आणि प्रत्यक्ष नाला.

वाट आधी. तलाठ्याकडून गावनकाशा घ्या. नकाशावर तुटक दुबार रेषा म्हणजे गाडीरस्ता, साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, सव्वाआठ फूट. बहुतेक ठिकाणी बांध सरकत सरकत त्या रस्त्याची केळीची ओळ झालेली असते. चालू वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ती मुदत टळली की प्रकरण लांबतं. जमीन महसूल संहितेचं कलम १४३ वेगळं, ते शेतात जायला बांधावरून नवा रस्ता मागण्यासाठी. दोन्हींची गल्लत करून अर्ज केला की परत येतो. मात्र आधी शेतकऱ्याकडे चार माणसं घेऊन जा. शाळेच्या पोरांची वाट म्हटल्यावर बरेच जण चार फूट सोडतात.

रस्ता मोकळा झाला की पाणंद रस्त्यांच्या चालू योजनेत नाव घाला. काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकला तर पहिल्या मोठ्या पावसात तो खाली बसतो आणि वर पुन्हा चिखल येतो. आधी दगडाचं सोलिंग, त्यावर मुरूम, पाणी मारून रोलर, मध्ये उंचवटा आणि दोन्ही बाजूंना चर. चर नसेल तर बाकी सगळा खर्च वाया. अंदाजपत्रकात चर कापलेली दिसली तर सही करू नका.

नाल्यावर सध्या फरशी (पाइपांवरचा ठेंगणा पूल) असेल तर तिचे पाइप बघा. लहान व्यासाचे पाइप आपल्याकडे हमखास तुंबतात, कारण नाल्याच्या कडेला टाकलेल्या पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) पहिल्या पुराबरोबर वाहत येऊन तोंडावर अडकतात आणि मग पाणी फरशीवरून जातं. मे अखेर पाइप साफ करा, आणि पऱ्हाट्या काठावर टाकू नका अशी दवंडी द्या. हे फुकटातलं काम आहे आणि निम्मे दिवस त्यानेच वाचतात. मोठ्या फरशीसाठी जिल्हा परिषदेच्या ३०५४ शीर्षात (रस्ते-पुलांच्या निधीत) मागणी करा. पाड्याच्या बाजूचं काम ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधार योजनेत बसतं का ते विचारा, तिथे यश यायची शक्यता जास्त.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पायथ्याच्या नाल्यांना पाणी वरून येतं. गावात ऊन पडलेलं असतं आणि डोंगरात झालेल्या पावसाचा लोंढा नंतर पोचतो. फरशीच्या कडेला खांब उभा करून त्यावर अर्ध्या फुटाला लाल पट्टा मारा. वाहतं पाणी पट्ट्याला लागलं की कोणीही उतरायचं नाही, मोठ्या माणसानेही नाही. एवढ्या पाण्याला जोर असेल तर पाय सटकतो, आणि फरशीवर शेवाळ असतंच. पाड्यावरच्या दोन घरांचे फोन शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा. वर जोराचा पाऊस झाला की त्यांनी शाळेला कळवायचं.

आभाळ भरून आलं म्हणून पोरांना लवकर सोडण्याची पद्धत बंद करा. कळवळ्यानेच सोडतात, पण पोरं नेमकी पाणी चढत असताना नाल्यात असतात. पाणी चढलं तर पोरं शाळेतच थांबवा. कोणत्या मुलाने गावात कोणाच्या घरी थांबायचं याची यादी जूनमध्येच पालकांच्या सहीने करून ठेवा.

शिक्षिका, यावल परिसर

वरच्या सगळ्यांचं मान्य, पण पाड्यावरच्या मुलींचा प्रश्न एसटीने सुटणार नाही. पाड्यापर्यंत बस चढतच नाही, फाटा दीड-दोन किलोमीटर खाली असतो. तो पट्टा मुलगी एकटी चालते म्हणून आई घाबरते. तिथे सोबत लागते. एकाच वाटेवरच्या मुलींची टोळी करा, त्यात एक सातवीतली हवी, आणि पाड्यावरचीच एक बाई सकाळ-संध्याकाळ सोबत चालेल असं बघा. समग्र शिक्षा योजनेत वाहतूक आणि मदतनीस अशी सोय आहे, एका मुलामागे वर्षाला कमाल ६००० रुपये. अंतराच्या अटी पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन किलोमीटर. तुमच्या पाड्याच्या सहावी-सातवीच्या मुली त्यात बसतात. नाल्यापलीकडचं गाव अडीच किलोमीटर म्हणून सहावी-सातवीला बसत नाही, पण पाचवीची मुलं बसू शकतात. वळशाचं अंतरही लिहा, असं माजी केंद्रप्रमुखांनी सांगितलं आहे, ते इथे कामी येईल. पैसे खात्यावर उशिरा येतात, त्यामुळे रिक्षावाल्याला त्यांच्या भरवशावर शब्द देऊ नका.

सायकलींबद्दल गैरसमज फार. मानव विकास कार्यक्रमातली सायकल आठवी ते बारावीच्या मुलींना आहे, घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर, ५००० रुपये, आणि तेही त्या १२५ तालुक्यांतच. सहावीच्या मुलीला ती मिळत नाही. पालकांना आधीच आशा लावू नका.

भाषेकडे लक्ष द्या. पाड्यावरची मुलगी घरी पावरी बोलते, गावातली पोरं अहिराणी, आणि पुस्तक मराठी. सहावीत तिला येत नाही असं वाटतं ते पुष्कळदा तिने तोंड उघडलेलं नसतं एवढंच. पहिल्या महिन्यात तिला पाड्यावरच्याच मोठ्या मुलीशेजारी बसवा, आणि तिने पावरीत उत्तर दिलं तरी ते फळ्यावर मराठीत लिहून घ्या. हसणाऱ्या पोरांना तिथल्या तिथे थांबवा. मुलगी शाळा सोडते त्यामागे हे हसणं असतं, कागदावर मात्र "घरकाम" असं कारण पडतं.

मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणि आतून कडी. याच्यावर जास्त लिहीत नाही, पण सातवीच्या मुलीच्या हजेरीसाठी याच्याइतकं दुसरं काही लागत नाही.

ज्या घरातले ऊसतोडीला जातात त्यांच्यासाठी दिवाळीच्या आधीच हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव टाका. जे मूल जाणारच असेल त्याला शिक्षण हमी कार्ड (ते दाखवून जाईल तिथल्या शाळेत बसता येतं) देऊनच पाठवा. आणि ज्यांचं अंतर खरंच झेपत नाही त्यांना यावल प्रकल्प कार्यालयाच्या आश्रमशाळेचा पर्याय मोकळेपणाने सांगा. आपला पट टिकावा म्हणून एखाद्या मुलीला घरी बसवणं योग्य नाही.

पायथ्याची शाळा

सगळ्यांचे मनापासून आभार. यादीचं काम या आठवड्यात धरतो. दोन शंका उरल्या. एक, नाल्यापलीकडच्या गावाचं आणि आमचं निवडणुकीपासून जरा वाकडं आहे, तिथले पालक सभेला येत नाहीत. दोन, शनिवारी आणि उन्हाळ्यात सकाळची शाळा असते, तेव्हा एसटीचं कसं करायचं?

माजी केंद्रप्रमुख, अमळनेर

समिती नव्याने बनवताना जागा गावाप्रमाणे वाटा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला असाव्या लागतात. पालकांच्या जागा पटाच्या प्रमाणात तिन्ही ठिकाणांना द्या, आणि नाल्यापलीकडून एक तरी आई घ्या. पुढाऱ्याचा माणूस घेऊ नका, ज्याचं पोर वर्गात बसतं तोच घ्या. बैठक महिन्याला असतेच. ती आळीपाळीने त्यांच्या गावात घ्या, मारुतीच्या पारावर किंवा अंगणवाडीत, कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री आठनंतर. बोलणं अहिराणीत होऊ द्या. कार्यवृत्त मराठीत लिहा, वाचून दाखवा आणि मग सह्या घ्या. पहिल्या बैठकीत निवडणुकीचा विषय निघाला तर कोणाची बाजू घेऊ नका, सरळ पोरांची यादी वाचायला घ्या. स्वतःच्या लेकराचं नाव ऐकलं की माणसं ऐकतात.

पाड्यावर मात्र संध्याकाळी जाऊ नका, तिथे सकाळी लवकर जा, शेतावर निघण्याआधी.

एसटी कामगार, चोपडा रस्ता

शनिवारचं: अर्जात दोन वेगळी वेळापत्रकं लिहा. सोमवार ते शुक्रवार एक, शनिवार आणि उन्हाळी सकाळची शाळा दुसरं. हे लिहिलं नाही तर गाडी शनिवारीही दहालाच येते, आणि पोरांची शनिवारची गैरहजेरी तिथूनच सुरू होते. सकाळी लवकरची फेरी बसवायचा सोपा उपाय म्हणजे मुक्कामी गाडी. तुमच्या किंवा वरच्या कुठल्या गावाला रात्री मुक्कामाला गाडी येत असेल तर तीच सकाळी पोरांना घेऊन येऊ शकते. त्यासाठी चालक-वाहकाला झोपायला पक्की खोली, पाणी आणि दिवा लागतो. ग्रामपंचायतीने तेवढं द्यायचं ठरावात लिहून दिलं तर आगाराला हो म्हणायला सोपं जातं.

मुक्कामी गाडी नसेल तर शनिवारी शाळेचीच वेळ गाडीला जुळवून घ्या, समितीच्या ठरावाने आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने. उन्हाळी वेळापत्रकाचं पत्र आगाराला फेब्रुवारीतच द्या. मार्चात शाळा सकाळची झाली आणि पत्र एप्रिलात गेलं तर तोवर पोरं दुपारच्या उन्हात फाट्यावर उभी असतात, म्हणून थांब्यावर निवारा नसेल तर निंबाच्या झाडाखालीच थांबा मागा आणि तो थांबा अर्जातल्या यादीत नावाने लिहा.